नाना शंकरशेट आणि मुंबईची आगगाडी

सवसारख्या गावांतली कितीतरी माणसे पोटासाठी मुंबईला गेली. त्या मुंबईत एवढे काम आले कुठून? आम्ही सांगतो.

तिथे जगन्नाथ शंकरशेट नावाचे मोठे व्यापारी होते. लोक त्यांना नाना म्हणत. माल लवकर पोचला तर धंदा वाढतो, हे त्यांनी ओळखले. १८४५ साली जमशेटजी जीजीभाईंच्या साथीने त्यांनी आगगाडीसाठी खटपट सुरू केली. आठ वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८६३ साली रूळ बोरघाट चढून गेले. देशावरचा कापूस बंदरात भराभर येऊ लागला. गिरण्या वाढल्या, हातांना काम मिळाले. मुलींच्या शाळेलाही नानांनी आपल्या वाड्यात जागा दिली.

पैसा पुष्कळांजवळ असतो. नानांनी तो सर्वांच्या कामी लावला. पुढारी निवडताना आपणही हेच बघावे.