सालमपंजा आणि बेण्याचा हिशेब



गेल्या हंगामात गट कार्यालयात एका सभासदाने टेबलावर कागदाची पुडी सोडली. आत हाताच्या पंजासारख्या, तीन-चार बोटे फुटलेल्या वाळक्या मुळ्या होत्या. "साहेब, हा सालमपंजा. एकजण रोपे देतो म्हणतोय, माल परत घ्यायची हमीही देतोय. खोडवा मोडून दहा गुंठे लावून बघू का?" असा त्यांचा प्रश्न. पुढे आणखी काहीजणांनी तेच विचारले, म्हणून उत्तर सर्वांसाठी येथे देत आहोत.

सालमपंजा म्हणजे काय?

थंडीत पौष्टिक लाडवात घालण्यासाठी काष्ठौषधीच्या दुकानातून आपण ही मुळी आणतो, पण तिचे झाड आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. ती आहे आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या कुळातली. शास्त्रीय नाव डॅक्टिलोरायझा हाटागिरिया. गढवालात तिला हत्थाजडी म्हणतात. हिमालयात साधारण अडीच हजार मीटरच्या वर, ओलसर गवताळ कुरणांत ती उगवते. बर्फ वितळले की कोंब येतो, जून-जुलैत जांभळट गुलाबी फुलांचा तुरा धरतो, पुढे बी पडते आणि झाड जमिनीवरून दिसेनासे होते. सफेद मुसळी वेगळी, तिची लागवड होते. सालमपंजा मात्र मुख्यतः रानातूनच खणून येतो, आणि म्हणूनच तो संपत चालला आहे. आपल्या देशातील तज्ज्ञांनी त्याची गणना अतिसंकटग्रस्त वनस्पतींत केली आहे.

एका खणण्यात दोन पिढ्या

या झाडाला जमिनीखाली दोन कंद असतात. एक जुना, यंदाचे झाड पोसून सुरकुतत जाणारा. दुसरा नवा, पांढरा आणि भरीव. पुढच्या वर्षीचा डोळा या नव्या कंदावर असतो. व्यापाऱ्याला हवा असतो नेमका हाच. शिवाय झाड ओळखू येते ते फुलावर असताना, म्हणजे बी धरण्याच्या आधी. तेव्हा खणले की यंदाचे बी गेले आणि पुढच्या वर्षीचे झाडही गेले. आपल्या भाषेत सांगायचे तर लागणही गेली, खोडवाही गेला, आणि बेणे मळासुद्धा मोडला!

तुर्कस्तानातही अशाच आमरींच्या कंदांपासून सालम करतात. तिथला हिशेब असा सांगतात, की एक किलो सुक्या सालमसाठी १,००० ते ४,००० कंद लागतात. आपण एकराला दोन डोळ्यांची १०,००० टिपरी धरतो. कमीत कमी आकडा घेतला तरी दहा किलो सालममागे तेवढी झाडे मुळासकट जातात, आणि त्यांच्या जागी कोणी नवी लावत नाही.

बी असून उगवत का नाही?

कोणी म्हणेल, बी तर पडतेच की! आमरीच्या एका बोंडात हजारो बिया असतात, पण धुळीसारख्या, आत शिदोरी नसलेल्या. उसाच्या टिपरीत साखर साठवलेली असते. मुळ्या धरेपर्यंत डोळा त्या साखरेवर जगतो, म्हणून तर आम्ही नऊ-दहा महिन्यांचे रसरशीत बेणे वापरा असे सांगत असतो. आमरीच्या बीला ही सोय नाही. जमिनीतली ठराविक बुरशी बियात शिरली आणि तिने अन्न पुरवले, तरच कोंब धरतो. हे १८९९ साली फ्रान्समध्ये नोएल बर्नार यांनी शोधून काढले. पुढे १९२२ साली अमेरिकेतील लुईस नडसन यांनी दाखवले, की बाटलीत साखर दिली तर बुरशीशिवायही बी उगवते. बुरशीचे काम साखरेने केले! आज जगभर आमरीची रोपे याच मार्गाने होतात. सालमपंजाचे बीही प्रयोगशाळेत उगवले आहे. पण बाटलीतले रोप कुरणात टिकवून त्याचा कंद पोसायला काही वर्षे जातात, आणि तेही हिमालयातल्या हवेत.

आपल्या रानात येईल का?

नाही. या झाडाला हिवाळाभर बर्फाखालची विश्रांती लागते आणि उन्हाळाही गार लागतो. आपली काळी जमीन, पाटाचे पाणी आणि एप्रिल-मेचे ४० अंशांचे ऊन त्याला सोसणारे नाही. मग त्या रोपवाल्याकडे काय असेल? एक तर दुसऱ्याच झाडाची रोपे असतील, नाहीतर रानातून चोरून खणलेली. दोन्ही बाबतीत पैसे आपले जातात. सालमच्या नावाखाली आपल्याकडच्या अमरकंदासारख्या आमरींचे कंदही विकले जातात, हे लक्षात असू द्या. माळावर, डोंगरउतारावर पावसाळ्यात उगवणारी ती झाडेही याच वाटेने कमी होत आहेत.

आमरी कुळाचा परदेशी व्यापार १९७५ साली अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय कराराने नियंत्रित आहे, आणि भारत १९७६ पासून त्यात सामील आहे. तेव्हा "परदेशात सरळ निर्यात करू" असे कोणी म्हणाले तर तिथेच सावध व्हा.

सभासदांनी काय करावे?

१. माल परत घेण्याच्या तोंडी हमीवर पैसे देऊ नयेत. कागद आधी गट कार्यालयात दाखवावा.

२. नवे पीक घ्यायचे असल्यास ते आपल्या हवामानात कोठे उभे आहे, हे शेतावर जाऊन पाहावे. फोटोवर विश्वासू नये.

३. लाडवाला डिंक, खारीक, अळीव आहेतच. सालमपंजा नसला म्हणून बाळंतिणीचे काही अडत नाही.

४. माळावर, बांधावर अमरकंद दिसला तर तो खणू नये, खणणाऱ्याला खणू देऊ नये.

त्या सभासदांनी खोडवा मोडला नाही. पाचट सरीत दाबून, वेळेवर खत देऊन त्यांनी तो चांगला आणला. मुळ्यांची पुडी मात्र आमच्या टेबलाच्या खणात तशीच आहे. गट कार्यालयात याल तेव्हा मागा, दाखवू. बेणे विकून खाणाऱ्याची गत काय होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.