तेल आणि कर्बवायू यांची सोयरीक

तेलाच्या व्यापाऱ्यांस निकेल धातूचे नाव परके नाही. फ्रेंच रसायनज्ञ पॉल साबात्ये याने निकेलच्या बारीक भुकटीच्या साहाय्याने इतर पदार्थांत हायड्रोजन जोडण्याची रीत १८९७ पासून सिद्ध केली आणि त्याच वाटेने पुढे वनस्पती तूप निघाले. १९०२ साली याच निकेलने कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन हा ज्वालाग्राही वायू करून दाखविला. निकेल यात स्वतः खर्ची पडत नाही. अशा पदार्थास उत्प्रेरक म्हणतात. आपल्या भाषेत तो दलालच होय. दोन पक्षांची गाठ तो लवकर घालून देतो. परंतु मुळात आतबट्ट्याचा सौदा त्यास फायद्याचा करता येत नाही.

कार्बन डायऑक्साइडची अडचण नेमकी येथेच आहे. तो जळून गेलेल्या लाकडाच्या राखेसारखा शक्तिहीन. त्याचे इंधन करावयाचे तर हायड्रोजन पुरवावा लागतो, आणि खर्चाचा बोजा त्यावरच पडतो.

वनस्पतितेलाशी त्याची जोडणी करताना मात्र हायड्रोजन लागत नाही. सोयाबीन तेलाच्या रेणूंतील दुहेरी बंधांवर हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्याने प्राणवायू चढविला, की तीन अणूंची ताणलेली कडी बनते. हे एपॉक्सी तेल नवलाईचे नव्हे. पीव्हीसी मऊ राखण्यासाठी ते बाजारात विकले जाते. कडीतील ताण हीच येथे शक्ती. टेट्राब्युटिल अमोनियम ब्रोमाइडसारखा उत्प्रेरक घालून सुमारे ११० अंश सेल्सिअस उष्णतेस कार्बन डायऑक्साइड सोडला, म्हणजे कडी उघडून वायू तेलातच बांधला जातो. क्रिया पूर्ण झाल्यास १०० किलो एपॉक्सी तेलात सुमारे १९ किलो वायू बसतो. हवेत सोडून द्यावयाचा वायू मालाच्या वजनात जमा होतो, ही गोष्ट व्यापाऱ्याच्या नजरेतून सुटणार नाही!

हे तेल अमाइनशी संयोग पावून लेप व चिकटद्रव्ये यांस उपयोगी असे पॉलियुरेथेन देते. नेहमीच्या पॉलियुरेथेनास आयसोसायनेटे लागतात, आणि ती बहुधा फॉस्जीन या विषारी वायूपासून करतात. १९८४ साली भोपाळात हजारोंचे प्राण घेणारा मिथाइल आयसोसायनेट याच कुळातला, जरी तो तेथे कीटकनाशकासाठी वापरला जात होता. माळव्यात पिकणाऱ्या सोयाबीनपासून त्या कुळावाचून चालणारा माल निघावा, यास आम्ही वायूच्या बचतीहून अधिक मोल देतो.

उणिवाही आहेत. अमाइनशी होणारी क्रिया मंद आहे. शिवाय खाद्यतेल आयात करणाऱ्या देशाने सोयाबीन तेल रंगाकडे वळवावे काय, हा प्रश्न उरतोच. एरंडेल अखाद्य खरे, पण त्याच्या मुख्य आम्लात दुहेरी बंध एकच. जवसाच्या मुख्य आम्लात तीन असतात, आणि रंगाच्या धंद्यास ते तेल पूर्वापार परिचित आहे.