किनारा नसलेलं नागानो

जपान म्हणजे बेटांचा देश. तिथे समुद्रापासून जास्तीत जास्त दूर जायचं म्हटलं, तरी साधारण 115 किलोमीटरवर मजल संपते. ती जागा नागानो प्रांतातल्या साकु शहराच्या हद्दीत, डोंगरात आहे. देशाच्या 47 प्रांतांपैकी आठांना किनारा नाही. त्यांत नागानो सर्वांत मोठा: क्षेत्रफळ साडेतेरा हजार चौरस किलोमीटर, वस्ती वीस लाखांच्या आसपास आणि शेजारी तब्बल आठ प्रांत.

गंमत अशी की, इथल्या खडकांत देवमाशांचे जीवाश्म सापडतात! दीडेक कोटी वर्षांपूर्वी, जपान आशियापासून फाटून वेगळा होत असताना मध्ये प्रचंड खोल खळगा पडला आणि त्यात समुद्र शिरला. पुढे गाळाने तो भरला, जमीन उचलली गेली. एडमंड नाउमान या जर्मन भूवैज्ञानिकाने एकोणिसाव्या शतकात हा खळगा ओळखून त्याला ‘फोसा माग्ना’ हे नाव दिलं. त्याच्या पश्चिम कडेला आज तीन हजार मीटरचे हिदा पर्वत उभे आहेत.

समुद्र गेला, पण मिठाची गरज थोडीच जाणार? ते इतोइगावाच्या किनाऱ्यावरून सुमारे 120 किलोमीटरची वाट तुडवत मात्सुमोतोला यायचं. उन्हाळ्यात बैलांच्या पाठीवर, बर्फ पडला की माणसांच्या.

खळग्याची कडा जिथून जाते, तिथेच जमीन ताणली जाऊन सुवा सरोवर तयार झालं. हिवाळ्यात ते गोठतं. रात्री थंडी वाढली की बर्फ आकसून तडकतो, भेगांत पाणी चढून गोठतं. दिवसा ऊब मिळाली की बर्फ पसरू पाहतो, पण जागा नसते. मग भेगांवर बर्फाचा बांध उभा राहतो. पलीकडच्या देवीला भेटायला देव याच वाटेने गेला, अशी श्रद्धा. त्यामुळे पुजाऱ्यांनी 1443पासून या बर्फाच्या नोंदी ठेवल्या. भक्तीपोटी झालेलं हे काम आज हवामानशास्त्रज्ञांना सोन्याच्या मोलाचं वाटतं. एके काळी जवळपास दर हिवाळ्यात दिसणारा बांध 1950 नंतर दुर्मीळ होत गेला आणि 2018 नंतर तर सलग कित्येक हिवाळे तो उठलाच नाही.

सुवाचं पाणी तेनर्यू नदीतून प्रशांत महासागराला मिळतं. साकुकडून येणारी चिकुमा मात्र उत्तरेला वळते आणि निगाता प्रांतात शिनानो या नावाने जपान समुद्र गाठते. एकूण लांबी 367 किलोमीटर. जपानमधली सर्वांत लांब नदी. नागानो शहराचं खोरं ऐसपैस, पण खाली नदीची वाट अरुंद घळीतून जाते. पाऊस मोठा झाला की पाणी तुंबतं. ऑक्टोबर 2019मध्ये हागिबिस वादळात चिकुमाचा बांध फुटला आणि डेपोत उभ्या असलेल्या दहा शिन्कान्सेन गाड्या, म्हणजे 120 डबे, पाण्यात गेले. पुढे ते सगळे भंगारात काढावे लागले.