ताप दिसतो, आजार दिसत नाही
लेखमाला : आकड्यांची नाडी – भाग सातवा

टिपू सुलतानाचं जन्मगाव आणि पपनसांसाठी नावाजलेलं गाव, ही देवनहळ्ळीची जुनी ओळख. २००८च्या मे महिन्यात बंगळुरूचा नवा विमानतळ इथे सुरू झाला आणि शहराची वेस तीसेक किलोमीटर उत्तरेला सरकली. जानेवारी २०२० मध्ये या वेशीवर नवा पहारा बसला. परदेशातून उतरलेल्या प्रवाशाच्या अंगाची उष्णता टिपायची, पडद्यावर कुणी जास्त गरम दिसला तर त्याला बाजूला घ्यायचं. सुरुवातीला नजर होती ती चीनहून येणाऱ्यांवर. ९ मार्चला कर्नाटकातला पहिला करोना रुग्ण जाहीर झाला, तो अमेरिकेहून परतलेला निघाला. म्हणजे यंत्र किती चांगलं हा प्रश्न नंतरचा. त्याच्यासमोर उभं कुणाला करायचं, हा आधीचा.

मागच्या भागात ‘पद्धतशीर आढावा’ म्हणजे काय ते पाहिलं : एखाद्या प्रश्नावर जगात झालेले सगळे अभ्यास शोधायचे, कोणते घ्यायचे आणि कोणते नाही याचे नियम आधीच जाहीर करायचे, प्रत्येकाचा कच्चेपणा तपासायचा आणि मग एकत्रित उत्तर मांडायचं. विमानतळावरच्या कॅमेऱ्याला ही चाळणी लावली की काय उरतं, ते या भागात.

गंमत अशी, की उत्तर देवनहळ्ळीत कॅमेरे लागण्याच्या अकरा वर्षं आधीच छापून आलं होतं. बितार, गुबार आणि देझांक्लो या तिघांनी २००९ मध्ये अंगाला न लावता ताप मोजणाऱ्या उपकरणांवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. निकषांत बसणारे अभ्यास हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. खरोखर ताप असलेल्या शंभरांपैकी किती जण उपकरणाला सापडतात? एका अभ्यासात ४, दुसऱ्यात जवळजवळ ९०. दुकानातला वजनकाटा असा वागला तर गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढणार नाही. पण दोष एकट्या उपकरणाचा नव्हता. काही ठिकाणी कपाळ मोजलं होतं, काही ठिकाणी कान. अंतर वेगळं, खोलीतली हवा वेगळी, आणि ‘ताप’ कितीपासून धरायचा ती रेघही वेगळी. या कॅमेऱ्यांसाठी असलेलं आंतरराष्ट्रीय मानक डोळ्याच्या नाकाकडल्या कोपऱ्याकडे बोट दाखवतं, कारण तिथलं तापमान शरीराच्या आतल्या तापमानाच्या जास्त जवळ असतं. चष्मा काढून, एकेकाने, कॅमेऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं. मध्यरात्री तीन विमानं एकदम उतरली की हे किती पाळलं जात असेल, याची कल्पना रांगेत उभ्या राहिलेल्या कुणालाही करता येईल.

समजा उपकरण उत्तम आहे, वापरही अचूक आहे. तरी हिशेब कुठे जातो ते बघण्यासारखं आहे. उदाहरणापुरते आकडे धरू. दहा हजार प्रवासी उतरले, त्यांत दहा बाधित. त्या घटकेला ताप आहे तो पाचच जणांना, कारण बाकीच्यांना लक्षणं अजून यायचीत, किंवा येणारच नाहीत, किंवा त्यांनी विमानातच पॅरासिटामॉल घेतली आहे. पाचांतले चार कॅमेऱ्याने पकडले. उरलेल्या ९,९९० निरोगी माणसांत कॅमेरा शंभरात फक्त पाच वेळा चुकतो असं म्हणू. तरी जवळजवळ ५०० निरोगी प्रवासी बाजूला निघतात. पाचशेच्या घोळक्यात चार खरे रुग्ण, आणि सहा जण सामान घेऊन टॅक्सीत बसलेले. ‘ऐंशी टक्के अचूक’ ही जाहिरात खोटी नाही. ती फक्त तापाबद्दल आहे, आजाराबद्दल नाही. त्वचेची उष्णता, शरीराचा ताप आणि विषाणूची लागण या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि एकीवरून दुसरीकडे जाताना दरवेळी काही माणसं गळतात.

प्रत्यक्षातला आकडा हवा असेल तर कॅनडाचा घ्यावा. २००३च्या सार्स साथीत तिथल्या विमानतळांवर सुमारे ६५ लाख तपासण्या झाल्या, जवळपास ९,१०० प्रवाशांना पुढच्या चौकशीसाठी पाठवलं गेलं. त्यांत सार्सचा रुग्ण एकही नव्हता. २०२०च्या सुरुवातीला लंडनच्या संशोधकांनी करोनाचं गणित मांडलं, तेव्हा निघताना आणि उतरल्यावर अशी दोन्हीकडे तपासणी करूनही १०० बाधित प्रवाशांपैकी ४६ सुटतील असा त्यांचा अंदाज आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॉक्रेन संस्थेचा आढावा आला. त्याचा निष्कर्ष सौम्य शब्दांत तोच : वरवर निरोगी दिसणाऱ्यांची एकदाच केलेली अशी तपासणी बाधितांना हुकवण्याची शक्यता मोठी.

मग कॅमेरे काढून टाकायचे का? आढावा तसं म्हणत नाही. रांगेत तपासणी आहे म्हटल्यावर तापाने फणफणलेला माणूस प्रवासच टाळेल, आणि फोन नंबर व पत्ता घेतला गेला तर पुढे त्याला शोधता येईल. हे फायदे असू शकतात. पण ते मोजायचे तर वेगळा अभ्यास लागतो, आणि तो कॅमेरा विकणारा करत नाही.

आढाव्यालाही मर्यादा असते, आणि तिचं उत्तम उदाहरण बंगळुरूतच आहे. एचआयव्हीची औषधं वेळेवर घेतली जावीत म्हणून मोबाइलवर आठवण द्यायची, ही कल्पना केनियात चांगली फळली. २०१० साली लॅन्सेटमध्ये आलेल्या चाचणीत परिचारिका रुग्णाला आठवड्यातून एकदा ‘कसं काय?’ एवढाच एसएमएस पाठवायची. ४८ तासांत उत्तर आलं नाही तर स्वतः फोन करायची. औषधं नीट घेणाऱ्यांचं प्रमाण एसएमएस न मिळालेल्यांत ५० टक्के होतं, मिळालेल्यांत ६२ टक्के. २०१२च्या कॉक्रेन आढाव्यात निकषांत बसणाऱ्या चाचण्या दोनच होत्या, दोन्ही केनियातल्या, आणि आठवड्याचा एसएमएस उपयोगी ठरतो असा कौल त्यावर दिला गेला.

दोन वर्षांनी बंगळुरूच्या सेंट जॉन्स संस्थेतल्या डॉ. अनिता शेट आणि सहकाऱ्यांची चाचणी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. दक्षिण भारतातल्या तीन केंद्रांवरचे, नुकतेच उपचार सुरू केलेले ६३१ रुग्ण, ९६ आठवड्यांचा पाठपुरावा. निम्म्यांना दर आठवड्याला यंत्राचा फोन आणि चित्राचा संदेश, निम्म्यांना नेहमीचीच सेवा. उपचार फसण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं निघालं. यंत्राचा फोन आणि परिचारिकेचा फोन यांत अंतर आहे, हे एक स्पष्टीकरण. नेहमीची सेवाच इतकी चांगली होती की वर भर घालायला जागा उरली नाही, हे दुसरं. दोन्ही पटण्यासारखी आहेत, आणि यांतलं कोणतं खरं हे त्या एका चाचणीवरून ठरत नाही. पण २०१२चा आढावा वाचून कुणी कर्नाटकभर फोन-योजना आखली असती तर दोन केनियन चाचण्यांच्या आधारावर आखली असती, एवढं मात्र नक्की. म्हणूनच आढाव्याच्या वरच्या कोपऱ्यातली तारीख आधी वाचायची, निष्कर्ष मागून.

कधी आढाव्याच्या चाळणीत काहीच उरत नाही. छातीच्या एक्स-रे आणि सीटी स्कॅनवरून करोना ओळखणाऱ्या संगणक प्रणालींवर २०२० मध्ये शोधनिबंधांचा पूर आला होता. केंब्रिजच्या गटाने त्यांतले २,२१२ गोळा केले. दर्जाचे निकष लावल्यावर ६२ उरले, आणि दवाखान्यात वापरता येईल अशी प्रणाली त्यांत एकही नव्हती. कित्येकांनी करोना नसलेल्यांचे नमुने म्हणून लहान मुलांच्या एक्स-रेंचा एक जुना संच घेतला होता, आणि करोनाचे रुग्ण मात्र प्रौढ. प्रणाली मूल आणि मोठा माणूस यांतला फरक शिकली आणि त्यालाच करोनाचं निदान समजलं गेलं.

पुढच्या भागात डोळ्याच्या पडद्याचे फोटो : प्रयोगशाळेत शाबासकी मिळवलेली गूगलची प्रणाली थायलंडच्या दवाखान्यांत पाचातला एक फोटो नाकारू लागली तेव्हा तिथल्या परिचारिकांनी काय केलं.