लॅपटॉपचा डीव्हीडी ड्राइव्ह रुसला तर

सीडी नीट चालते, पण डीव्हीडी घातली की ड्राइव्ह नुसताच घरघरतो. जुन्या लॅपटॉपवाल्यांची ही नेहमीची तक्रार, आणि तिच्यात गूढ काही नाही. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर लागतो, डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा. दोन्ही शेजारी बसवलेले असले, तरी एक आधी थकू शकतो. थकलेला लेसर घरी दुरुस्त होत नाही.

पण दोष अनेकदा धुळीचाही असतो, म्हणून आधी भिंग पाहावे. लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये ते ट्रेसोबतच बाहेर येते, ही मोठी सोय. आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओलावलेला इअरबड त्यावरून अलगद फिरवायचा. भिंग बारीक तारांवर तोललेले असते. जोर लावला की संपले. ट्रेच उघडत नसेल, तर लॅपटॉप बंद करून पुढच्या बारीक छिद्रात सरळ केलेला पेपरक्लिप दाबावा.

ड्राइव्ह बदलायचाच ठरला, तर बॅटरी काढून ठेवावी. बऱ्याच मॉडेलांत तळाचा एकच स्क्रू काढला की ड्राइव्ह बाजूने सरकत बाहेर येतो. नवा घेताना जाडी मोजून घ्या: १२.७ की ९.५ मिलिमीटर? जोडणी साटा की जुनी आयडीई, हेही पाहा. पुढची प्लास्टिकची पट्टी शक्य तर जुन्याचीच काढून नव्याला लावा.

माझे मत विचाराल, तर यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह घ्यावा आणि रिकाम्या खणात कॅडी, म्हणजे हार्डडिस्कसाठीची चौकट, घालून दुसरी हार्डडिस्क बसवावी.