दुकानाच्या वाय-फायला दुसरं दार

२६ जुलै २००८ च्या संध्याकाळी अहमदाबादेत बॉम्बस्फोट सुरू होण्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक धमकीचा ई-मेल पोहोचला. त्याचा माग काढत तपास यंत्रणा नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये आल्या. तिथल्या भाडेकरूचा त्या मेलशी संबंध नव्हता. त्याचं वाय-फाय दुसऱ्याच कोणी वापरलं होतं. पुढच्या दोन महिन्यांत असेच दोन मेल गेले. एक माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या वाय-फायवरून, दुसरा, दिल्लीतल्या स्फोटांच्या दिवशीचा, चेंबूरमधल्या एका कंपनीच्या.

त्यानंतर २३ फेब्रुवारी २००९ रोजी दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना सूचना दिल्या. सार्वजनिक ठिकाणी वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटली पाहिजे. त्यासाठी फोटो ओळखपत्राची प्रत घ्यावी किंवा लॉगिन-पासवर्ड त्याच्या मोबाइलवर एसएमएसने पाठवावा, आणि ती नोंद वर्षभर जपावी. रेल्वे स्टेशनावर वाय-फाय जोडताना मोबाइल नंबर आणि ओटीपी मागतात, ते उगाच नाही.

आज सलूनपासून मिसळीच्या हॉटेलापर्यंत भिंतीवर पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली असते. बहुतेकदा दुकानाचं नाव आणि पुढे १२३, नाहीतर मालकाचाच मोबाइल नंबर. त्यामागची भावना पाहुणचाराची असते आणि ती मोलाची आहे. पण त्याच राउटरला बिलिंगचा कॉम्प्युटर, प्रिंटर आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर जोडलेला असतो. अशा वेळी पासवर्ड देणं म्हणजे गिऱ्हाइकाला बाकड्यावर बसवण्याऐवजी थेट गल्ल्यामागे नेऊन बसवणं. शिवाय कनेक्शन मालकाच्या नावावर आहे. उद्या कोणी माग काढत आलं, तर ते त्याच्याच दारात उभं राहणार.

म्हणून गिऱ्हाइकांसाठी दुसरं दार हवं. ते बांधायला मोठा खर्च नाही. आजकालच्या बहुतेक राउटरमध्ये गेस्ट नेटवर्कची सोय असते. त्याला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड द्यायचा, डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ सुरक्षा ठेवायची, आणि पाहुण्यांचे फोन एकमेकांना व दुकानाच्या यंत्रांना दिसू नयेत ही सेटिंग चालू करायची. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा मूळ पासवर्ड बदलणं तर पहिलं काम. कनेक्शन जोडणारा माणूस ‘अॅडमिन’ तसाच ठेवून निघून जातो, आणि पुढे वर्षानुवर्षं कोणी त्याला हात लावत नाही.

वेगाचं गणित साधं आहे. फुल एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस लागतात. वीस जण एकदम पाहू लागले की १०० एमबीपीएसची लाइन संपली, आणि काउंटरवरचं कार्ड मशीन गोल गोल फिरत राहिलं. त्यामुळे गेस्ट नेटवर्कला वेगाची मर्यादा घालावीच. वेळेचीही घातली तर कोणाला वावगं वाटत नाही. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झालेल्या स्टेशनांवरच्या वाय-फायलाही पुढे रोज ३० मिनिटं मोफत असाच नियम आला.

राउटर कुठे ठेवला, यावर निम्मं काम ठरतं. काउंटरखाली, स्टीलच्या कपाटामागे किंवा फ्रिजला टेकून ठेवला तर महागडा राउटरही शेवटच्या टेबलापर्यंत पोहोचत नाही. तो उंचावर, मोकळ्यावर हवा. बेकरीत आणखी एक शत्रू असतो, मायक्रोवेव्ह. तो वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याच्याच आसपास चालतो, म्हणून पॅटिस गरम होत असताना नेट अडखळतं. गजबजलेल्या बाजारात आजूबाजूच्या दुकानांचे राउटरही याच पट्ट्यात गर्दी करतात. एकमेकांवर न चढणारे चॅनल इथे तीनच आहेत: १, ६ आणि ११. जवळच्या टेबलांसाठी ५ गिगाहर्ट्झ बरा. तो वेगवान असतो, पण भिंतीपुढे लवकर हार मानतो. वीज गेली की राउटर बंद पडतो, तेव्हा त्याला इन्व्हर्टरवर किंवा छोट्या यूपीएसवर घेतलेलं बरं.

सगळ्यात गरजेचं वाय-फाय तळघरातल्या दुकानात असतं. तिथे मोबाइलला रेंज नसते, जेवण झाल्यावर क्यूआर कोड स्कॅन होतो पण पैसे जात नाहीत, आणि गिऱ्हाईक फोन उंच धरून जिना चढतं. वाय-फाय असलं तर यूपीआय चालतं. पण वाय-फायच्या लॉगिनसाठी ओटीपी मागितला, तर तो एसएमएस येणार कसा? रेंजच नाही! अशा जागी फोनची वाय-फाय कॉलिंगची सोयही लॉगिनआधी कामाला येत नाही. म्हणून व्यवस्था घेण्यापूर्वी हा प्रश्न पुरवठादाराला स्पष्ट विचारावा.

केंद्र सरकारने ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केलेली पीएम-वाणी योजना अशा छोट्या दुकानदारांसाठीच आहे. किराणा दुकान किंवा चहाची टपरी ‘पब्लिक डेटा ऑफिस’ होऊ शकते. त्यासाठी परवाना नाही, नोंदणी नाही, फी नाही. ग्राहकाची ओळख आणि हिशेब सांभाळणारी अॅग्रिगेटर कंपनी मधे असते, त्यामुळे ती जबाबदारी दुकानदाराच्या वहीत येत नाही. अडचण लाइनच्या भाड्याची होती. इंटरनेट कंपन्या त्यासाठी व्यावसायिक दर लावत. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने मर्यादा घातली: २०० एमबीपीएसपर्यंतच्या फायबर लाइनला घरगुती दराच्या दुपटीहून जास्त आकारता येणार नाही. दुप्पट हाही टपरीवाल्याला भारच आहे, पण आता निदान आकडा कळतो.

लॉगिनच्या निमित्ताने गोळा झालेल्या मोबाइल नंबरांवर दिवाळी ऑफरचे मेसेज पाठवण्याचा मोह अनेकांना होतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोख नेमका इथे आहे. ज्या कामासाठी माहिती घेतली, त्याच कामासाठी ती वापरायची. जाहिरातीसाठी वेगळी संमती घ्यायची.

सगळं जोडून झालं की मालकाने एकदा रविवारी संध्याकाळी, गर्दीच्या वेळी, गिऱ्हाइकासारखं शेवटच्या टेबलावर बसावं. गेस्ट नेटवर्क जोडावं, स्वतःच्याच दुकानात यूपीआयने चहाचे पैसे द्यावेत. मग फोनच्या ब्राउझरमध्ये डीव्हीआरचा आयपी पत्ता टाकून पाहावा. कॅमेऱ्याचं लॉगिन पान उघडलं, तर भिंतीवरची चिठ्ठी त्याच संध्याकाळी उतरवावी.