प्रेशर टेस्टचे पाणी आणि जॉबवरचा गंज

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर भर समुद्रात 'मुंबई हाय' हे तेलक्षेत्र आहे. १९७४ मध्ये तेथे तेल सापडले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेलविहिरींना लागणारे व्हॉल्व्ह, पॅकर, आट्यांचे जोड अशी पोलादी साधने बनवण्याची व दुरुस्त करण्याची कामे मुंबई-ठाणे परिसरातील वर्कशॉपना मिळतात. आपले अनेक टर्नर व फिटर बांधव या धंद्यात आहेत. काहींनी आखाती देशांत हेच काम केले आहे. त्यांच्यासाठी आज आम्ही एक नेमका प्रश्न घेत आहोत. प्रेशर टेस्टच्या वेळी साधनात कोणता द्रव भरावा?

टेस्ट द्रवानेच का घेतात हे जाणकारांना ठाऊक आहे. ५,००० पीएसआय कामकाजाच्या दाबाचा व्हॉल्व्ह साधारणपणे दीडपट, म्हणजे ७,५०० पीएसआयवर तपासतात. या दाबाला हवा भरली आणि जॉब फुटला तर तो बॉम्बसारखा उडतो. पाणी फारसे दबत नाही, म्हणून त्यात साठणारी शक्ती पुष्कळच कमी असते. मात्र आत हवा कोंडून राहिली तर हा फायदा जातो. द्रव खालून भरावा, वरच्या तोंडाने हवा पूर्ण काढावी आणि मगच पंप चालवावा.

गंज केव्हा धरतो?

टेस्ट काही मिनिटांची असते. खरे नुकसान पाणी काढल्यानंतर होते. आट्यांत, सीलच्या खाचेत, आंधळ्या भोकांत ओलीचा पातळ थर राहतो, त्याला हवेतला प्राणवायू मुबलक मिळतो आणि पावसाळ्यात तर एका रात्रीत तांबूस थर चढतो. सील बसण्याच्या जागी खड्डा पडला, की टेस्टमध्ये पास झालेला जॉब विहिरीवर गळू शकतो. म्हणून द्रव निवडताना टेस्टनंतर जॉब गोदामात पडून राहील त्या दिवसांचाही विचार करावा.

कोणता द्रव कसा?

समुद्राच्या पाण्यात क्लोराइड सुमारे १९,००० पीपीएम असते. ते वापरूच नये. किनाऱ्याजवळील बोअरचे पाणीही अनेकदा खारे असते. स्टेनलेस स्टीलच्या जॉबसाठी खरेदीदार बहुधा ५० पीपीएमची मर्यादा घालतात, कारण पाणी सुकते तसे मीठ फटींत दाट होत जाते आणि पुढे उष्णता व ताण मिळाला की धातूला तडे जाऊ शकतात.

रॉकेल किंवा डिझेलने गंज धरत नाही, पण दाबाखाली बारीक फवारा सुटला तर एक ठिणगी पुरते. हायड्रॉलिक तेल पोलादाला चांगले, परंतु ते पाण्यापेक्षा दाट असल्याने बारीक गळती लपते. जी गळती पाण्याने दिसली असती ती तेलाने दिसत नाही, मग टेस्टचा उपयोग काय? शिवाय ईपीडीएम जातीचे रबर तेलात फुगते.

लेथच्या टाकीतले दुधी कुलंट अनेक ठिकाणी सर्रास वापरतात. त्यात धातूचा चुरा असतो. जुने झाले की जंतू वाढतात, वास येतो आणि त्याचा पीएच उतरतो. मग तेच गंजाला मदत करते. क्रोमेटयुक्त जुनी मिश्रणे कॅन्सरकारक आहेत. सोडियम नायट्राइटचे प्रमाण कमी पडले तर खड्डे पडतात, आणि काही अमाइन रसायनांशी मिसळल्यास त्यापासून घातक द्रव्ये तयार होतात. अंदाजाने मूठभर टाकण्याचा तो पदार्थ नव्हे.

आमच्या मते बहुतेक पोलादी कामांसाठी नळाचे स्वच्छ पाणी आणि त्यात प्रेशर टेस्टसाठीच बनवलेले, पाण्यात विरघळणारे गंजरोधक हा उत्तम मार्ग आहे. खरेदीदाराने द्रव ठरवून दिला असेल तर मात्र त्याची लेखी अट प्रथम. विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात: प्रमाण किती, कोणत्या रबराला चालते, आणि पितळ, तांबे वा ॲल्युमिनियमचा भाग असल्यास त्याला अपाय होतो का.

घरच्या घरी परीक्षा

बिडाचा स्वच्छ, तेलविरहित कीस गाळणकागदावर पसरून त्यावर तयार मिश्रण ओतावे आणि झाकून ठेवावे. दुसऱ्या दिवशी कागदावर गंजाचे डाग उमटले, तर प्रमाण कमी आहे असे समजावे. पीएच पट्टी रोज लावावी आणि वाचन वहीत लिहावे.

टेस्टनंतर जॉब उपडा करून निथळावा, कोरड्या हवेने आटे व खाचा फुंकाव्यात, यंत्रण केलेल्या पृष्ठांवर गंजरोधक तेल लावावे आणि त्यानंतरच टोप्या बसवाव्यात. ओल्या आट्यावर टोपी बसवणे म्हणजे गंज डबीत भरून पाठवणे. रंग टेस्टच्या आधी लावू नये, त्याखाली गळती झाकली जाते. वापरलेले तेलकट मिश्रण गटारात ओतू नये. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार ते अधिकृत संस्थेकडेच द्यावे लागते.

चांगल्या गंजरोधकाचा खर्च परत आलेल्या एका जॉबच्या भाड्यापुढे आणि गेलेल्या पतीपुढे किरकोळ आहे. गिऱ्हाइकाचे साधन आपल्या दुकानात असेपर्यंत ती अमानत असते. ती आली त्याहून चांगल्या स्थितीत परत जावी, यातच कारागिराची अब्रू आहे.